दहावी राहून गेली असेल तर

ऊसतोडीच्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि उन्हाळा लागता लागता परततात. दहावीची परीक्षा नेमकी मधोमध, फेब्रुवारी-मार्चमध्ये येते. नांदेड जिल्ह्यातल्या मुखेड, कंधार, लोहा या भागातल्या कितीतरी पोरांची शाळा सुटली ती अशी. घरात मुकादमाची उचल घेतलेली असते, धाकट्या भावंडाला कोपीवर, म्हणजे तोडीवरच्या झोपडीत, सांभाळायला कुणीतरी लागतं, आणि नववी-दहावीतली पोरगी टोळीबरोबर निघते. परत येईपर्यंत परीक्षा उरकलेली असते. किनवटकडे कारण वेगळं असतं, लातूरच्या डाळमिलवर हमाली करणाऱ्याच्या घरात वेगळं, आणि वय भरायच्या आतच लग्न लावून दिलेल्या मुलीचं आणखी वेगळं. पण पाच-सात वर्षांनी यांच्यापैकी कुणालाही विचारा, उत्तर एकच येतं: "आपलं डोकंच नव्हतं अभ्यासाचं."

मला हे उत्तर अजिबात पटत नाही. ज्याला पाच महिन्यांच्या उचलीचा, खाड्यांचा आणि टनाच्या भावाचा हिशेब तोंडपाठ आहे त्याचं डोकं अभ्यासाचं नाही, हे कसं मानायचं? या मुलांची शाळा सुटली ती बहुतेक वेळा घरच्या कामाचं वर्ष आणि शाळेचं वर्ष यांचा मेळ बसला नाही म्हणून. तेव्हा अठरा, बावीस किंवा अगदी तिसाव्या वर्षी पुन्हा शिकायचं मनात असेल तर पहिला हिशेब बुद्धीचा करू नका, महिन्यांचा करा. वर्षातले कोणते महिने तुमच्या हातात आहेत आणि कोणती परीक्षा त्या महिन्यांत बसते, हे एकदा नीट जुळलं की अर्धं काम झालं.

कशासाठी, हे आधी ठरवा

"शिक्षण पुरं करायचंय" एवढ्यावर वाट ठरत नाही. पुढे कोणतं दार उघडायचंय ते ठरलं की कोणती परीक्षा, कोणते विषय, किती गुण, हे आपोआप ठरतं.

पोलीस भरतीचंच घ्या. नांदेड असो की लातूर, पहाटे मैदानावर धावणाऱ्या पोरांची गर्दी रोज दिसते. शिपाईपदाला बारावी पास लागते आणि खुल्या प्रवर्गाला वयाची मर्यादा २८ आहे, मागासवर्गीयांना ३३. समजा तुम्ही २१ वर्षांचे आहात आणि दहावी राहिली आहे. या पावसाळ्यात नाव नोंदवलंत तर येत्या फेब्रुवारी-मार्चला दहावी होईल. बाहेरून बारावी द्यायची तर दहावीनंतर दोन वर्षांचं अंतर लागतं. म्हणजे बारावी हातात यायला चोविसावं वर्ष उजाडेल आणि भरतीसाठी चार वर्षं उरतील. हाच हिशेब पंचविसाव्या वर्षी सुरू केला तर खुल्या प्रवर्गातल्या मुलाच्या हाती जेमतेम एखादी भरती लागेल. म्हणून धावायला आज सुरुवात केली असेल तर फॉर्मही आजच भरायचा. धावणं वर्षभरात सुधारतं, पण अंतराची दोन वर्षं कुणालाच कमी करता येत नाहीत.

ग्रामीण डाक सेवकाची जागा दहावीच्या गुणांवर मिळते, वेगळी लेखी परीक्षा नसते. इथे दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. एक, नुसतं पास होऊन भागत नाही, गुण जितके जास्त तितकी यादीत जागा वर. दुसरी, दहावीला गणित आणि इंग्रजी हे विषय असावे लागतात. गणित टाळून दहावी झालेल्याला हे दार बंद असतं, आणि ते कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. गावातल्या अंगणवाडीत सेविका किंवा मदतनीस व्हायचं मनात असलेल्या ताई-वहिनींनी हे पक्कं ध्यानात घ्यावं की २०२३ पासून दोन्ही पदांना बारावी पास ही अट आहे. आधी मदतनिसाला सातवीवर भागायचं, ते दिवस गेले.

आणि ज्याला नोकरी नकोच आहे, आपलं गॅरेज किंवा शिलाईचं दुकानच नीट चालवायचंय, त्याने दहावीच्याच मागे लागावं असा माझा आग्रह नाही. त्याच्यासाठी आयटीआय जास्त कामाची. तिच्याकडे पुढे येतो.

दाखला

कोणतीही वाट धरा, पहिला मुक्काम जुन्या शाळेतच आहे. शाळा सोडल्याचा दाखला, म्हणजे आपल्याकडच्या बोलीतली टीसी, मूळ प्रत. बरेच जण इथेच अडतात. कुणी ती कधी नेलेलीच नसते, कुणाची पावसात भिजून गेलेली असते, कुणाला दहा वर्षांनी त्या गुरुजींसमोर उभं राहायचा संकोच वाटतो. संकोच बाळगू नका. गुरुजी बहुधा बदलून गेलेले असतात, आणि असले तरी परत आलेला विद्यार्थी पाहून शिक्षकाला आनंदच होतो.

मूळ दाखला हरवला असेल तर शाळेतून दुय्यम प्रत मिळते. ती जोडताना मूळ दाखला हरवल्याचं प्रतिज्ञापत्र लागतं. शाळाच बंद पडली असेल किंवा दुसऱ्या शाळेत सामावली गेली असेल, तर तालुक्याच्या गटशिक्षणाधिकारी कार्यालयात जाऊन त्या शाळेचं जुनं रजिस्टर कुठे आहे ते विचारा. जाताना शाळेचं नाव, शेवटची इयत्ता आणि अंदाजे वर्ष कागदावर लिहून न्या. शोधणाऱ्या कारकुनाचं काम सोपं होतं आणि तुमच्या फेऱ्या वाचतात.

दाखला हातात आला की तिथेच उभं राहून वाचा, घरी नेऊन नव्हे. वरच्या बाजूला रजिस्टरचा नंबर असतो. मग नाव, आईचं नाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख एकदा आकड्यांत आणि एकदा अक्षरांत, शेवटची इयत्ता, आणि खाली "शाळा सोडण्याचे कारण". त्या रकान्यात पुष्कळदा "सतत गैरहजर" एवढंच लिहिलेलं असतं. वाचून मन खट्टू होतं, कारण त्या गैरहजेरीमागचा ऊस, आजारपण किंवा लग्न त्या रकान्यात मावलेलं नसतं. पण या दोन शब्दांनी तुमच्या अर्जाला काही होत नाही. अर्ज अडतो तो नावातल्या फरकामुळे. दाखल्यावर "माधव" आणि आधारवर "माधवराव", दाखल्यावर "शेख" आधी आणि आधारवर शेवटी, जन्मतारखेत १ जून आणि भलतीच कुठली तारीख. असा फरक दिसला तर आधार दाखल्याप्रमाणे दुरुस्त करून घ्यावं, हा सरळ मार्ग. शाळेच्या रजिस्टरमधली नोंद बदलणं लांबचं काम असतं आणि पुढची प्रत्येक गुणपत्रिका त्याच नोंदीवरून छापली जाते. फक्त आधारवरचं नाव आणि तारीख वाटेल तितक्या वेळा बदलता येत नाही, तारखेला तर साधारण एकच संधी असते. म्हणून दुरुस्ती करायची ती दाखला समोर ठेवून, एकदाच आणि नीट.

लग्न झालेल्या बहिणींसाठी थोडं वेगळं. दाखला माहेरच्या नावाचा आणि आधार सासरच्या नावाचा, असं बहुतेकींचं असतं. परीक्षेचा अर्ज दाखल्यावरच्या नावाने चालू ठेवणं सोयीचं, आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत हे दाखवायला विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नोंद जवळ असू द्यावी. हे काम फॉर्मच्या शेवटच्या आठवड्यात होत नाही, आधी सुरू करावं लागतं.

कोणती वाट

सगळ्यात रुळलेली वाट म्हणजे सतरा नंबरचा फॉर्म. राज्य मंडळाची तीच दहावी, तीच पुस्तकं, तोच पेपर, फक्त रोज शाळेत जायचं नाही. नांदेड, लातूर आणि धाराशिव हे तिन्ही जिल्हे लातूर विभागीय मंडळाखाली येतात. मान्यताप्राप्त शाळेतून किमान पाचवी झालेला आणि वयाची १४ वर्षं पूर्ण केलेला कुणीही दहावीला बसू शकतो. सहावीत शाळा सोडलेल्यालाही आधी सातवी-आठवी करत बसायची गरज नाही. नोंदणी पावसाळ्यात सुरू होते. अर्ज ऑनलाइन भरायचा, शुल्कही ऑनलाइन. मग अर्जाची प्रत आणि मूळ कागद निवडलेल्या शाळेत, म्हणजे संपर्क केंद्रात नेऊन द्यायचे. शुल्क आणि तारखा दर वर्षी मंडळ जाहीर करतं. सेतू केंद्रावरच्या माणसाच्या तोंडून ऐकण्यापेक्षा मंडळाची सूचना स्वतः वाचा.

या वाटेवर लोक दोन ठिकाणी हमखास घसरतात. पहिली चूक म्हणजे सतरा नंबर भरला की परीक्षेचा फॉर्म भरला असं समजणं. सतरा नंबरने फक्त नावनोंदणी होते. परीक्षेचं आवेदनपत्र नंतर, पावसाळा सरल्यावर, संपर्क केंद्रातून वेगळं भरावं लागतं. पुण्याला कंपनीत किंवा हैदराबादला हॉटेलात कामाला गेलेला पोरगा ते विसरतो आणि वर्ष जातं. निघण्याआधी शाळेतल्या क्लार्कचा नंबर घ्या, आपला द्या, आणि गावात राहणाऱ्या एखाद्या भरवशाच्या माणसावर ही जबाबदारी सोपवा. दुसरी चूक, लेखी परीक्षेपुरतंच केंद्रात जाणं. भाषांना तोंडी, विज्ञानाला प्रात्यक्षिक, इतर विषयांना गृहपाठ, असे शंभरातले वीस गुण लेखीच्या बाहेरचे असतात. ८० गुणांचा पेपर लिहिणाऱ्याला हे वीस गुण केवढा आधार देतात, ते सांगायला नको. तेव्हा त्यांच्या तारखा विचारून ठेवा आणि त्या दिवशी मजुरी बुडाली तरी जा. बहिणींना एसटीचं तिकीट २०२३ पासून अर्धंच आहे, तालुक्याची फेरी तेवढी हलकी झाली.

माध्यमाचाही विचार करा. नांदेडला उर्दू शाळेत सातवीपर्यंत शिकलेल्याने दहावी मराठीतून द्यायचा अट्टहास धरू नये, मंडळ उर्दू माध्यमातूनही परीक्षा घेतं. देगलूर-बिलोलीकडे घरात तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्या पोरांना मराठी माध्यमात अडचण आली असेल तर ती लपवू नये, भाषेच्या पेपरला तेवढे दिवस जास्त द्यावेत.

दुसरी वाट एनआयओएसची, राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची. पोटासाठी गाव सोडावं लागणाऱ्यांना ही वाट जास्त मानवते असं मला वाटतं, आणि त्याचं कारण पुन्हा महिनेच. इथे परीक्षा वर्षातून दोनदा होते, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. ऊसतोडीहून परतलेल्याला एप्रिल-मे सापडतो. वीटभट्टीवर उन्हाळाभर राबणाऱ्याला ऑक्टोबर सापडतो. एकूण पाच विषय, त्यात एक तरी भाषा हवी, आणि पाचही एकदम द्यायचं बंधन नाही. एका खेपेला दोन विषय, पुढच्या खेपेला दोन, मग एक, असं करता येतं. प्रवेश पाच वर्षं चालतो आणि त्यात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. दहावी नापास होऊन राज्य मंडळ सोडलेल्याला तिथे पास झालेल्या विषयांपैकी दोन विषयांचे गुण इकडे आणता येतात. दहावीला मराठी माध्यमही आहे. महाराष्ट्राचं विभागीय कार्यालय पुण्यात आहे, पण प्रवेश ऑनलाइन होतो आणि अभ्यास केंद्र जिल्ह्यातलं निवडता येतं. विषय निवडताना मात्र डाक सेवकाची गोष्ट आठवा. गणित टाळता येतं म्हणून टाळू नका, आधी पुढचं दार पाहा.

पाचवीच्याही आत शाळा सुटली असेल तर राज्याचं मुक्त विद्यालय मंडळ आहे, तिथे पाचवी आणि आठवीची परीक्षा देता येते. आणि ज्यांचं अक्षरओळखीशीच नातं तुटलंय, त्यांच्यासाठी उल्लास साक्षरता कार्यक्रमाचे वर्ग गावोगावच्या जिल्हा परिषद शाळांमधून चालतात. तिथे पंधरा वर्षांपुढचं कुणीही बसू शकतं. आईला घेऊन जा, दोघांनी मिळून बसायला काही हरकत नाही. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी दिवसभर राबणाऱ्या शेतकरी-कामकऱ्यांसाठी १८५५ मध्येच रात्रीची शाळा काढली होती. मोठ्या वयात पाटी हाती घेणं ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही.

आता आयटीआय. आठवी झालेल्याला वायरमन, वेल्डर, सुतारकाम, शिवणकाम अशा काही ट्रेडला प्रवेश मिळतो. दहावी नापास असाल तरी चालतं. वयाला वरची मर्यादा नाही, त्यामुळे सव्विसाव्या वर्षी वर्गात बसायला कुणी हरकत घेत नाही. नांदेड आणि लातूर इथे शासकीय आयटीआय आहेत, तालुक्यांच्या ठिकाणीही आहेत, आणि प्रवेश दहावीच्या निकालानंतर ऑनलाइन यादीने होतात. दहावी पास होऊन दोन वर्षांचा ट्रेड केलात तर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला जायची सोय आहे. लातूरचं पुरणमल लाहोटी तंत्रनिकेतन किंवा नांदेडचं शासकीय तंत्रनिकेतन तिथून काही फार लांब नाही.

अभ्यास

दहा वर्षांनी पुस्तक उघडलं की पहिल्या पानावरच घाम फुटतो. माझा सल्ला असा की पहिल्या पानापासून सुरूच करू नका. तुमच्या कामाशी ज्या धड्याचं नातं आहे, तिथून शिरा.

दहावीच्या सध्याच्या गणित भाग १ मध्ये अर्थनियोजन नावाचं प्रकरण आहे. त्यात जीएसटी आहे. मोबाईलच्या किंवा हार्डवेअरच्या दुकानात दोन वर्षं काम केलेल्या माणसाला ते वेगळं शिकवावं लागत नाही. १,००० रुपयांची वस्तू, दर १८ टक्के, म्हणजे केंद्राचे ९० आणि राज्याचे ९०, बिल १,१८० रुपयांचं. हे तो रोज करतो. पुस्तकात फक्त त्याची मांडणी ओळीखाली ओळ लिहायची असते आणि शेवटी उत्तराचं वाक्य पूर्ण करायचं असतं. तेवढं चार-पाच वेळा लिहून काढलं की प्रकरण हातात येतं. गवंड्याच्या हाताखाली काम केलेल्याने भूमितीतलं महत्त्वमापन आधी घ्यावं. टाकीत पाणी किती मावेल, स्लॅबला माल किती लागेल, हेच तिथे विचारतात. मोटार भरणाऱ्याने विज्ञानातला विद्युतधारेच्या परिणामांचा धडा उघडावा. पंधरा वर्षांच्या मुलाला जे कल्पनेने समजून घ्यावं लागतं ते तुम्ही हाताने केलेलं असतं. मोठ्या वयाचं हे बळ आहे आणि ते वापरलं पाहिजे. एक धडा पक्का झाला की भीती कमी होते, मग अनोळखी धडेही घेता येतात. बीजगणितात दोन चलांतली समीकरणं आणि वर्गसमीकरणं यांना वेळ लागतो. ती पावसाळ्यातच सुरू करावीत, माघात नव्हे.

भाषांची एक गोष्ट जुन्या विद्यार्थ्यांना माहीत नसते. आता प्रश्नपत्रिकेऐवजी कृतिपत्रिका येते. मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्हींत उतारा छापलेला असतो आणि त्यावरच्या कृती सोडवायच्या असतात. बरीच उत्तरं त्या उताऱ्यातच दडलेली असतात. इंग्रजीचा धसका घेतलेल्यांसाठी ही मोठी सोय आहे. उतारा शांतपणे दोनदा वाचायची सवय लागली की पास होण्याइतके गुण तिथूनच जमायला लागतात. पाठांतरावर भर देणाऱ्या जुन्या गाईडवर विसंबू नका. पाठ्यपुस्तकं बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. राज्यात अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने बदलतो आहे, तेव्हा शेजारच्या पोराचं जुनं पुस्तक घेण्याआधी ते तुमच्या परीक्षेच्या वर्षाला चालणार आहे का, हे केंद्रात विचारून घ्या.

लातूर पॅटर्न या अभ्यासपद्धतीचं नाव सगळ्या देशात झालं. राजर्षी शाहू महाविद्यालयात, प्राचार्य जनार्दन वाघमारे यांच्या काळात त्याची घडी बसली. आज ट्यूशन एरियातल्या मोठमोठ्या फलकांमुळे तो श्रीमंतांचा खेळ वाटतो. पण त्याचा गाभा साधा आहे आणि तुम्हाला एक रुपया न मोजता घेता येतो. शिकवलेल्यावर लगेच चाचणी, चाचणी लगेच तपासणं, चुकलेलं पुन्हा शिकणं, आणि घड्याळ लावून खऱ्यासारखे पेपर पुन्हापुन्हा लिहिणं. रोज एक तास वाचन आणि आठवड्याला एक पेपर, एवढं तुम्ही करू शकता. गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्राच्या प्रत्येक भागाचा पेपर ४० गुणांचा आणि दोन तासांचा असतो. रविवारी दोन तास मोबाईल बंद करून मागच्या वर्षीचा एक पेपर लिहा आणि गावातल्या एखाद्या शिक्षकाला किंवा बारावीतल्या चुणचुणीत पोरीला तपासायला द्या. पहिल्या पेपराला वेळ पुरणार नाही, कारण दहा वर्षांत लिहायचा हातच राहिलेला नसतो. बोटं दुखतात, ओळी वाकड्या जातात. अडाणीपणाचं हे लक्षण नव्हे. हात सातआठ पेपरांत बसतो, आणि ते पेपर परीक्षेच्या आधीच व्हायला हवेत.

घर आणि फसवणूक

सून दहावीला बसणार म्हटलं की घरात प्रश्न निघतात. सासूबाईंना विरोधच असतो असं नाही. भाकरी कोण थापणार आणि लेकराला कोण बघणार, हे त्यांना कळलेलं नसतं. तेव्हा परवानगी मागण्यापेक्षा वेळ ठरवून मागा. "आत्याबाई, संध्याकाळी सात ते आठ तेवढं बाळाला घ्याल का?" अशा नेमक्या मागणीला होकार लवकर मिळतो. नवऱ्याने परीक्षेच्या दिवसांतली रजा आधी टाकून ठेवावी. ज्यांच्या घरात हे जमणारच नाही त्यांनी आपल्या गावात किंवा तालुक्यात अशाच आणखी दोघी-तिघी शोधाव्यात आणि एकीच्या घरी जमावं. एकटीने सोडणं सोपं असतं, चौघींनी मिळून सोडणं अवघड. प्रथम संस्थेचा सेकंड चान्स कार्यक्रम शाळा सुटलेल्या मुली-महिलांना दहावीपर्यंत नेतो. आपल्या भागात त्यांचा वर्ग चालतो का, हे पंचायत समितीत आणि अंगणवाडीत विचारून पाहावं.

एसटी स्टँडच्या भिंतींवर "नापास? चिंता नको, एका महिन्यात दहावी-बारावी" अशी पत्रकं दिसतात. त्यांच्यापासून लांब राहा. कुणी असं सांगितलं तर एकच विचारा: प्रमाणपत्रावर कोणत्या मंडळाचं नाव असेल? राज्य मंडळ किंवा एनआयओएस नसेल आणि भलतंच कुठलं तरी "बोर्ड" असेल, तर पैसे देऊ नका. ते प्रमाणपत्र भरतीच्या कागदपत्र तपासणीत बाद होतं आणि वर फसवणुकीचा ठपका तुमच्यावर येतो. दुसरे असतात ते "सेंटर मॅनेज करतो" म्हणणारे. नांदेडला २०१० मध्ये तेव्हाचे जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी कॉपीमुक्तीची मोहीम चालवली, जिल्ह्याचा निकाल झपाट्याने खाली आला, आणि पुढे तो प्रयोग राज्यभर गेला. त्या वर्षी कॉपीच्या भरवशावर राहिलेली किती तरी पोरं नापास झाली. मॅनेज करणाऱ्यांचं काहीच गेलं नाही. तुमचं वर्ष आणि तुमचे पैसे, दोन्ही तुमच्या घामाचे आहेत.

निकालानंतर

राज्य मंडळाच्या परीक्षेत एखादा विषय राहिला तर पावसाळ्याच्या तोंडाला पुरवणी परीक्षा असते. निकालानंतर तिचे फॉर्म थोडेच दिवस सुटतात, म्हणून निकालाच्याच दिवशी केंद्रात चौकशी करा. एक किंवा दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळतो. सगळे विषय सुटले तर गुणपत्रिका, प्रमाणपत्र आणि नवा दाखला स्वतः जाऊन घ्या, आणि नावाचं स्पेलिंग पुन्हा एकदा तिथेच तपासा.

पुढच्या बारावीसाठी वर सांगितलेली दोन वर्षं मोकळी राहतात, आणि पुष्कळ जण इथेच पुन्हा हरवतात. कॉलेजची अकरावी धरणं शक्य असेल तर उत्तम. रोजगार सोडता येत नसेल तर सतरा नंबरनेच कला किंवा वाणिज्य शाखेतून बारावी द्यावी. विज्ञानाच्या प्रात्यक्षिकांसाठी कॉलेजात बसावंच लागतं. पदवीसाठी नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे, त्याचं विभागीय केंद्र नांदेडला आहे आणि नांदेड-लातूर दोन्ही जिल्ह्यांतल्या अनेक कॉलेजांत अभ्यास केंद्रं आहेत. तिथे बारावी न झालेल्यांसाठी पूर्वतयारीची वाट होती आणि तिने पुष्कळ जण पदवीधर झाले. पण भरतीच्या अनेक जाहिराती बारावी वेगळी मागतात, त्यामुळे बारावी टाळून पदवीकडे उडी मारू नये असंच मी सांगेन.

ज्याच्या हाताला काम शिकायची आवड आहे, त्याच्यासाठी ती दोन वर्षं भरून काढायची सगळ्यात चांगली तऱ्हा आयटीआयचीच आहे. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण केला की राज्य मंडळाकडे त्या विषयांचं श्रेय धरून, भाषेचे पेपर देऊन बारावीची समकक्षता मिळवता येते. म्हणजे चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षी त्याच्याकडे इलेक्ट्रिशियनचं प्रमाणपत्रही असतं आणि बारावीही. ट्रेडला प्रवेश घेतानाच आयटीआयच्या कार्यालयात या श्रेयाची चौकशी करून ठेवावी, कारण बारावीच्या भाषेच्या पेपरांचा फॉर्मही इतर विद्यार्थ्यांबरोबर पावसाळ्यानंतरच सुटतो.